वाहत्या रक्तात गाठ बसताना

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये थोडा वेळ उभे राहिले, तर एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. ताण्यातला धागा तुटतो, माग थांबतो, कामगार वाकून तुटलेली टोके शोधतो, दोन बोटांत धरून गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. सगळे काम अर्ध्या मिनिटाचे. ते इतके सहज उरकते, कारण तेवढ्या वेळात माग थांबलेला असतो. आपल्या शरीरात धमनीच्या भिंतीला जखम होते तेव्हा ही सवलत मिळत नाही. हृदय थांबवून दुरुस्ती करता येत नाही. मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त शरीरभर फिरत असताना, त्याच वाहत्या रक्तातली सामग्री वापरून भिंतीचे भगदाड बुजवावे लागते, आणि तेही अशा बेताने की भगदाड बुजेल पण वाट मोकळी राहील.

ही दुरुस्ती चालू असताना ती जिवंत धमनीत पाहायची कशी, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. हृदयविकाराचे बहुतेक झटके आणि पक्षाघातांपैकी मोठा भाग याच दुरुस्तीच्या अतिरेकातून येतो. जखमेवर जमलेली गुठळी वाढत जाते आणि वाटच अडवून बसते. शवविच्छेदनात सापडणारी गुठळी हा तयार झालेला माल असतो. घडी घालून ठेवलेल्या चादरीकडे पाहून ती विणताना धागा किती वेळा तुटला आणि माग किती वेळ बंद राहिला हे जसे कळत नाही, तसेच सापडलेल्या गुठळीकडे नुसते पाहून ती किती वेळा जमली, किती वेळा सुटली आणि नेमकी कधी पक्की झाली हे कळत नाही. गुठळीविषयीचे आपले बरेचसे गैरसमज मला वाटते येथूनच सुरू होतात. आपण तिला वस्तू समजतो, आणि ती असते काही मिनिटे, कधी काही आठवडे चालणारी घडामोड.

पहिला गैरसमज परीक्षानळीने करून दिला. रक्त काचेच्या नळीत काढून स्थिर ठेवले, की काही मिनिटांत ते तांबड्या जेलीसारखे थिजते. त्यात मुख्य काम फायब्रिनचे असते. रक्तद्रवात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेल्या अवस्थेत असते, साधारणपणे दर डेसिलिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम. थ्रॉम्बिन हे विकर त्याचे छोटे तुकडे छाटते, छाटलेले रेणू एकमेकांना चिकटून धागे बनतात आणि त्या धाग्यांच्या जाळ्यात तांबड्या पेशी जशा होत्या तशा अडकतात. सोलापुरात बसून या जाळ्याला विणकामाची उपमा देण्याचा मोह आवरणे कठीण आहे, पण ती उपमा नीट बसत नाही. फायब्रिनमध्ये ताणा नसतो आणि बाणाही नसतो. धागे वाटेल तिथे फुटतात, वाटेल तिथे जुळतात. पिंजलेल्या कापसाचे चित्र त्याच्या जास्त जवळचे आहे. फरक एवढाच, की रक्तातला तेरावा घटक हे पिंजण धाग्याधाग्यांत टाके घालून पक्के करतो.

पायाच्या शिरांत, जिथे रक्त संथ वाहते, तिथल्या गुठळ्या बऱ्याच अंशी अशाच तांबड्या असतात. धमनीतली गुठळी मात्र कापून पाहिली तर तिचा मूळ भाग पांढुरका दिसतो, कारण तो मुख्यतः प्लेटलेटचा बनलेला असतो. पावसाळा संपता संपता डेंग्यूची साथ आली, की आपल्याकडे घराघरांत प्लेटलेटचा आकडा विचारला जातो, त्यामुळे हा शब्द समजावून सांगण्याची आता गरज राहिलेली नाही. तरी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, प्रत्येकीची रुंदी दोन-तीन मायक्रोमीटर, म्हणजे तांबड्या पेशीच्या निम्म्याहून कमी. आणि त्यांना केंद्रक नसते, आयुष्य जेमतेम सात ते दहा दिवसांचे. हा दुसरा मुद्दा पुढे अ‍ॅस्पिरिनच्या संदर्भात कामाला येईल.

प्लेटलेट धमनीच्या जखमेवर जमतात हे प्रथम नीट पाहिले ते इटलीतील तुरीन येथील जुलिओ बिझोझेरो यांनी, १८८२ मध्ये. त्याआधी १८५६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखॉव्ह यांनी गुठळी आणि तिचे तुकडे दूर जाऊन अडकणे यांचा संबंध दाखवून दिला होता. प्लेटलेटसारखे कण रक्तात असतात हेही एक-दोन संशोधकांच्या नजरेस आले होते. पण त्यांचे काम काय, हे ठाऊक नव्हते. पांढुरकी गुठळी पांढऱ्या पेशींचीच असणार असा तर्क चालत असे, आणि तो दिसायला अगदी सयुक्तिक होता. बिझोझेरो यांनी तर्क बाजूला ठेवून भूल दिलेल्या लहान प्राण्यांच्या आतड्याचा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरला. हा पडदा इतका पारदर्शक असतो की त्यातील बारीक वाहिन्यांत रक्त धावताना दिसते. वाहिनीच्या भिंतीला इजा केली, की सर्वांत आधी तिथे येऊन चिकटणारे कण हे ना तांबड्या पेशी होते, ना पांढऱ्या. ते तिसरेच काही होते. त्यांच्या मागून बाकीची मंडळी येत होती. रंगद्रव्ये नव्हती, कॅमेरा नव्हता, लेसर तर नव्हताच. होती ती फक्त वाहते रक्त वाहत असतानाच पाहण्याची हट्टी इच्छा. पुढच्या बहुतेक प्रयोगांची मांडणी पाहिली, तर मूळ कल्पना हीच आहे.

प्लेटलेट जखमेपर्यंत इतक्या लवकर पोचतात कशा, याचे उत्तरही प्रवाहात आहे. मकरसंक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज रस्त्याच्या मधून निघतात, तेव्हा मधला भाग त्यांचा आणि मानकऱ्यांचा असतो. बघणारी पोरेसोरे आपोआप कडेला, घरांच्या भिंतींना टेकतात. त्यांना कोणी हुकूम सोडलेला नसतो, मोठ्यांच्या रेट्याने ती कडेला जातात. रक्तातही तांबड्या पेशी प्रवाहाच्या मध्यभागी दाटी करतात आणि हलक्या, लहान प्लेटलेट भिंतीलगतच्या पातळ थरात ढकलल्या जातात. जखम होते भिंतीला, आणि दुरुस्ती करणारे आधीच भिंतीला टेकून चाललेले असतात.

आता खरी अडचण सुरू होते. नळाला पाणी आले की सोलापुरात रबरी नळी बाहेर निघते, आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याची धार जोरात उडते हे प्रत्येक पोराला माहीत असते. वाट अरुंद झाली तर तेवढेच पाणी जाण्यासाठी त्याचा वेग वाढतो. चरबीच्या थराने अरुंद झालेल्या धमनीतही हेच होते. अशा जागी भिंतीला चिकटलेला थर जवळजवळ स्थिर असतो आणि त्याच्या शेजारचा थर सुसाट धावत असतो. शेजारच्या थरांच्या वेगातील या फरकामुळे भिंतीजवळच्या प्रत्येक कणाला जबरदस्त ओढ बसते. सामान्य बुद्धीने पाहिले तर अशा ठिकाणी काहीही चिकटू नये. प्रत्यक्षात तिथेच प्लेटलेट सर्वांत तत्परतेने चिकटतात.

या कोड्याची किल्ली फिनलंडमध्ये सापडली. १९२६ मध्ये एरिक फॉन विलेब्रांट या डॉक्टरांनी ओलांड बेटांवरील एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली, ज्यात मुली-बायकांनाही रक्तस्रावाचा विकार होता आणि तो हिमोफिलियाच्या, म्हणजे मुख्यतः पुरुषांत दिसणाऱ्या रक्तस्रावाच्या विकाराच्या, चौकटीत बसत नव्हता. त्या कुटुंबात ज्या प्रथिनाची उणीव होती त्याला आता त्यांचेच नाव आहे. हे प्रथिन म्हणजे रेणूंच्या जगातली एक अतिशय लांब दोरी असून संथ रक्तात ती गुंडाळी होऊन पडलेली असते. प्रवाहाची ओढ एका मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे वेगाच्या त्या फरकाचे मोजमाप सेकंदाला सुमारे ५,००० च्या वर गेले, की गुंडाळी सुटून दोरी ताणली जाते आणि तिच्यावरच्या, प्लेटलेटला पकडणाऱ्या जागा उघड्या पडतात. ओढ जितकी जास्त तितकी पकड जास्त, अशी ही उलटी व्यवस्था आहे. धावत्या बसला लटकण्यासाठी बसचा वेग वाढला की आपोआप बाहेर येणारी कडी असावी, तसे काहीसे. कापलेल्या धमनीसाठी ती जीव वाचवणारी आहे. चरबीने अरुंद झालेल्या धमनीसाठी तीच घातक ठरते. परीक्षानळीतल्या स्थिर रक्तात हे सारे दिसण्याची सुतराम शक्यता नव्हती.

जिवंत धमनीत गुठळीची घडामोड आलेखावर उतरवण्याचे श्रेय अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील जॉन फोल्ट्स यांना जाते, आणि त्यांचा १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे. भूल दिलेल्या कुत्र्याच्या हृदयावरची एक धमनी त्यांनी मोकळी केली, तिच्या अस्तराला थोडी इजा केली आणि तिच्याभोवती प्लॅस्टिकचे एक घट्ट कडे बसवले, त्यामुळे वाट बरीच अरुंद झाली. धमनीच्या आत काहीच घातले नव्हते. बाहेरून एक विद्युतचुंबकीय प्रवाहमापक बसवला होता, जो दर क्षणाला किती रक्त जात आहे हे कागदावर रेखाटत राहत असे. अपेक्षा अशी, की प्रवाह कमी होईल आणि कमीच राहील. कागदावर उमटले ते वेगळेच. प्रवाह काही मिनिटे हळूहळू घटत जाई, कधी जवळजवळ शून्यावर येई, आणि मग एकदम, एका फटक्यात पूर्ववत होई. पुन्हा घट, पुन्हा उसळी. करवतीच्या दात्यांसारखी ही रेघ तासन्तास चालू राहत असे.

अर्थ असा, की अरुंद जागी प्लेटलेट जमत होत्या, वाट बुजत आली की वरून येणाऱ्या दाबाने किंवा जरा हलवल्याने तो गोळा सुटून खाली वाहून जात होता, आणि रिकाम्या जागी नवी जमवाजमव सुरू होत होती. कोणत्याही एका क्षणी धमनीत डोकावले असते, तर कधी ती पूर्ण बंद दिसली असती आणि कधी मोकळी. दोन्ही निरीक्षणे खरी असूनही दोन्ही दिशाभूल करणारी ठरली असती. मग कुत्र्याला अ‍ॅस्पिरिन दिले, आणि करवतीचे दाते नाहीसे होऊन रेघ सपाट झाली. अ‍ॅस्पिरिन अरुंद वाट रुंद करत नाही, कड्याला हातही लावत नाही. प्लेटलेटचे एकमेकींना हाका मारणे बंद करते. अ‍ॅस्पिरिन दिलेल्या कुत्र्याच्या शिरेत अ‍ॅड्रेनॅलिन सोडले तर दाते पुन्हा उमटतात, हेही पुढे दिसून आले, आणि संताप किंवा अतिश्रम यांच्यानंतर येणाऱ्या झटक्यांचा विचार करताना हे निरीक्षण लक्षात ठेवण्यासारखे आहे. माणसातही ही करवत दिसली. १९९४ मध्ये अँजिओप्लास्टीनंतर काही रुग्णांच्या हृदयधमनीत बारीक डॉप्लर तार (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारी) ठेवून मोजणी केली, तेव्हा प्रवाहाचे तसेच चढउतार सापडले, आणि प्लेटलेटना एकमेकींशी जुळू न देणाऱ्या प्रतिपिंडाने ते थांबले.

१९८८ मध्ये जाहीर झालेल्या एका प्रचंड चाचणीने या सगळ्याला माणसांच्या जीवनमरणाचा आधार दिला. हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांच्या त्या चाचणीत महिनाभर रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये पहिल्या पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधील एक विकर कायमचे निकामी करते, आणि प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे तिला ते नव्याने बनवता येत नाही. ती मरेपर्यंत मुकीच राहते. म्हणून काही तासांत रक्तातून नाहीशी होणारी छोटी गोळी दिवसातून एकदा घेतली तरी पुरते. आपल्याकडे या गोळीला सर्रास रक्त पातळ करण्याची गोळी म्हणतात. रक्त तिने जराही पातळ होत नाही, पण हा शब्द आता इतका रुळला आहे की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

फोल्ट्स यांच्या आलेखात प्रवाह दिसत होता, गुठळी दिसत नव्हती. ती दिसू लागली या शतकाच्या आरंभी. बॉस्टन येथील ब्रूस आणि बार्बरा फ्युरी यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात भूल दिलेल्या उंदराच्या एका पातळ स्नायूतील धमनिका सूक्ष्मदर्शकाखाली आणल्या. रक्तात आधी तीन प्रकारची प्रतिपिंडे सोडली होती. एक प्लेटलेटला चिकटणारे, दुसरे फायब्रिनला, तिसरे ऊतकघटक नावाच्या, गोठण्याची ठिणगी टाकणाऱ्या प्रथिनाला. आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाने उजळणारे द्रव्य जोडलेले होते. लेसरचा एक सूक्ष्म झोत भिंतीवर मारून जखम केली, आणि वेगवान कॅमेऱ्याने पुढची काही मिनिटे टिपली. पडद्यावर तीन रंगांत गुठळी वाढताना दिसते. रंगाची उजळ तीव्रता मोजली की प्रत्येक घटक दर सेकंदाला किती जमला याचा आलेख मिळतो.

या चित्रांनी पाठ्यपुस्तकातील एक सोयीस्कर क्रम मोडला. आधी प्लेटलेटची तात्पुरती ठिगळी, मग सावकाश फायब्रिनचे पक्के शिवण, असे आम्ही शिकलो आणि पुढे शिकवलेही. उंदराच्या धमनिकेत मात्र दोन्ही कामे जवळजवळ एकाच वेळी सुरू झाली. फायब्रिन भिंतीलगत लगेच दिसू लागले आणि त्याच्यावर प्लेटलेटचा ढीग वाढत गेला. दुसरी गोष्ट अशी, की ढीग पहिल्या काही मिनिटांत कमाल आकाराला पोचून मग आकसू लागला. आलेल्या प्लेटलेटपैकी पुष्कळशा थोडा वेळ टेकून निघून गेल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका गटाने २०१३ मध्ये याचे स्पष्टीकरण दाखवले. गुठळीचा गाभा घट्ट असतो, तिथल्या प्लेटलेट पूर्ण चेतवलेल्या आणि फायब्रिनने बांधलेल्या असतात. भोवतालचे कवच सैल असते, तिथल्या प्लेटलेट अर्धवट जाग्या झालेल्या आणि निघून जाण्याच्या तयारीत असतात. एकाच गुठळीत दोन वस्त्या. कोणते औषध कोणत्या वस्तीवर चालते, हा प्रश्न त्यानंतर नीट विचारता येऊ लागला.

मेलबर्नच्या संशोधकांनी २००९ मध्ये याच तंत्राने आणखी एक बाब पुढे आणली. ओढ्यात दगड असला की गाळ साठतो तो दगडाच्या पुढच्या आडोशाला, जिथे धार मंदावते. गुठळीच्या बाबतीतही नव्या प्लेटलेट अडथळ्याच्या पुढच्या, उताराच्या बाजूला, वेग एकदम उतरतो तिथे जमताना दिसल्या, आणि त्या वेळी रासायनिक संदेशांनी त्या पुरत्या चेतलेल्याही नव्हत्या. म्हणजे धमनीच्या वाटेचा आकारच गुठळीला आमंत्रण देतो, आणि तेथे अ‍ॅस्पिरिनचा हात पुरा पोचत नाही. गोळी नेमाने घेऊनही एखाद्याला दुसरा झटका येतो, त्यामागे इतर अनेक कारणे असली, तरी हेही एक असू शकते.

उंदराच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्याचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडते, धमनिका केसाहूनही बारीक, आणि लेसरने केलेली जखम ही चरबीचा थर फुटून होणाऱ्या जखमेसारखी नसते. उंदरांच्या मोठ्या धमनीला फेरिक क्लोराइडची चकती लावून ती किती मिनिटांत बंद होते हे डॉप्लरने मोजण्याची पद्धतही प्रयोगशाळांत फार वापरली जाते. ती सोपी आहे, पण तिथे रसायनाचा तांबड्या पेशींवर होणारा परिणाम निकालात मिसळतो, त्यामुळे तिच्या आकड्यांकडे मी जरा सावधपणे पाहतो.

माणसाच्या धमनीत अशी जखम मुद्दाम करता येत नाही, त्यामुळे डॉक्टर बहुतेक वेळा घटना घडून गेल्यावर पोचतात. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी हे कारण की परिणाम, यावर गेल्या शतकात दीर्घकाळ वाद चालला होता. तो मिटला १९८० मध्ये, जेव्हा अमेरिकेतील मार्कस डीवुड आणि सहकाऱ्यांनी झटक्याच्या पहिल्या तासांतच अँजिओग्राफी करण्याचे धाडस दाखवले. लक्षणे सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत तपासलेल्या १२६ रुग्णांपैकी ११० जणांची, म्हणजे ८७ टक्के रुग्णांची, धमनी पूर्ण बंद होती. बारा ते चोवीस तासांनी तपासलेल्यांत हे प्रमाण ६५ टक्के निघाले. दरम्यान काही गुठळ्या आपोआप विरघळल्या किंवा सुटल्या होत्या. उशिरा पाहणाऱ्याला मोकळी धमनी दिसे आणि तो गुठळीला निर्दोष ठरवी.

अँजिओग्राफीत दिसते ती रंगद्रव्य भरलेल्या वाटेची सावली; भिंतीत काय चालले आहे ते तिच्यात दिसत नाही. त्यासाठी धमनीच्या आतून प्रकाशाने पाहण्याचे ओसीटी हे तंत्र १९९१ पासून विकसित होत गेले. ते दहा-पंधरा मायक्रोमीटरपर्यंतचे बारकावे दाखवते, पण रक्तातून हा प्रकाश जात नसल्यामुळे क्षणभर रंगद्रव्याचा फवारा मारून रक्त बाजूला सारावे लागते. पांढरी गुठळी प्रकाशाला आरपार जाऊ देते, तांबडीच्या मागे गडद सावली पडते. एवढ्यावरून तिची जात ओळखता येते. एक फवारा, एक चित्र. सलग पाहणे येथेही नाही.

सलग पाहण्याच्या, खरे तर ऐकण्याच्या, सर्वांत जवळ जाणारे साधन साधे आहे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत चित्तवेधकही. कानाच्या पुढे, कानशिलावर डॉप्लरचे यंत्र टेकवले की कवटीच्या पातळ हाडातून मेंदूच्या मधल्या धमनीतला प्रवाह ऐकू येतो. (डॉप्लरच्या पडद्यावरील तांबडा आणि निळा रंग शुद्ध-अशुद्ध रक्त दाखवत नाही, प्रवाह यंत्राकडे येतो की दूर जातो एवढेच दाखवतो. सोनोग्राफी केंद्रातून बाहेर पडणारे निम्मे लोक निळा रंग पाहून धास्तावलेले असतात.) मानेतील धमनी अरुंद झालेल्या रुग्णात हे यंत्र तासभर लावून ठेवले, तर नेहमीच्या फुसफुस आवाजात मधूनच चिमणीच्या चिवचिवाटासारखा टिपका ऐकू येतो. मानेतल्या गुठळीचा सूक्ष्म कण सुटून मेंदूकडे गेल्याचा तो आवाज असतो. रुग्णाला काहीच जाणवत नाही. फोल्ट्स यांच्या कुत्र्यात करवतीचा दाता उसळी घेई तो क्षण, येथे माणसात कानावर पडतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे आवाज येणाऱ्या १०७ रुग्णांना केवळ अ‍ॅस्पिरिन किंवा अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल हे प्लेटलेटवरचे दुसरे औषध दिले गेले. सातव्या दिवशी केवळ अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांत आवाज टिकून होते, दोन्ही औषधे घेणाऱ्यांत सुमारे ४४ टक्के. पक्षाघात होण्याची वाट न पाहता औषधाचा परिणाम ऐकून मोजता आला.

हृदयाच्या धमनीत कान लावता येत नाही, पण तिथेही घडामोड दीर्घकाळ चालते याचा पुरावा आहे. हृदयविकाराच्या झटक्यात सहा तासांच्या आत धमनीतून शोषून काढलेल्या गुठळ्या नेदरलँड्समधील संशोधकांनी तपासल्या, आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात २११ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांच्या गुठळीत काही दिवस किंवा काही आठवडे जुने थर सापडले. छातीत दुखू लागले आज, पण गाठ बसायला सुरुवात झाली होती मागच्या आठवड्यात, कदाचित त्याआधी. मधल्या काळात ती वाढली, सुटली, पुन्हा जमली. सकाळी छातीत भरून आले म्हणून काढलेला ईसीजी ठीक येतो, गॅस असेल म्हणून माणूस घरी जातो आणि संध्याकाळी झटका येतो, अशा हकिगती आपल्या आसपास कमी नाहीत. त्यात दर वेळी कोणाची चूक असतेच असे नाही. सकाळी रेघेने नुकतीच उसळी घेतलेली असते. म्हणूनच संशय असेल तर ईसीजी पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाची, तपासणी काही तासांनी पुन्हा करतात. हा दुसरा नमुना उगाच खर्च वाढवण्यासाठी मागतात, असे अनेकांना वाटते. काळ हेच मोजमापाचे एक परिमाण आहे असे मानले, की त्याचे कारण कळते.

सोलापुरातल्या एप्रिल-मे महिन्यांचाही येथे संबंध येतो. इंग्लंडमधील विल्यम कीटिंग यांनी १९८६ मध्ये स्वयंसेवकांना काही तास ४१ अंश सेल्सियस तापमानाच्या वाहत्या हवेत ठेवून त्यांचे रक्त तपासले. घामावाटे पाणी गेल्याने तांबड्या पेशी आणि प्लेटलेट यांची दाटी वाढली आणि रक्त अधिक घट्ट झाले. तिथे जो मुद्दाम उभा केलेला प्रयोग होता, तो येथे पत्र्याच्या शेडमधला रोजचा दिवस असतो. याचा अर्थ उन्हाने धमनीत गुठळी होते असा सरळ काढता येणार नाही. पण ज्याच्या धमनीत आधीच अरुंद जागा आहे, त्याच्या बाबतीत करवतीचे दाते खोल जाण्यास हे पुरेसे कारण ठरू शकते. तंबाखूचा धूर त्याच दिशेने काम करतो. आणि ज्यांच्या धमनीत स्टेंट बसवला आहे त्यांनी उपवास, लग्नसराई किंवा दात काढायचा आहे म्हणून प्लेटलेटवरची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करणे धोक्याचे असते. स्टेंटची नवी जाळी अस्तराने झाकली जाईपर्यंत प्लेटलेटच्या लेखी ती उघडी जखमच असते.

अँजिओप्लास्टीच्या वेळी नळीने शोषून काढलेली गुठळी गाळणीवर ठेवली, की कधी कधी तिचे टोक पांढुरके आणि शेपूट गर्द तांबडे दिसते. पांढरे टोक वाहत्या रक्तात, प्लेटलेट जमत असताना बनलेले असते; तांबडी शेपूट वाट बंद होऊन रक्त थिजल्यावरची, परीक्षानळीतल्यासारखी. दोहोंच्या सीमेवर प्रवाह थांबला तो क्षण असतो. पॅरिसमधील संशोधकांनी २०११ मध्ये अशाच तुकड्यांवरून दाखवले, की दुखू लागल्यापासून जितका वेळ जातो तितके गुठळीतले फायब्रिन वाढते आणि प्लेटलेटचा वाटा घटतो. पुढे मोठ्या चाचण्यांत प्रत्येक रुग्णाची गुठळी शोषून काढण्याचा फारसा फायदा दिसला नाही, त्यामुळे ती सरसकट पद्धत आता मागे पडली आहे. रुग्णाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. फक्त असे तुकडे आता पूर्वीइतके हाती लागत नाहीत, आणि माणसाच्या हृदयधमनीत गाठ बसण्याचा पहिला तास, तो प्रत्यक्ष चालू असताना, अजून कोणी सलग पाहिलेला नाही.